बिनारियो २१: मिलान स्टेशनाच्या पोटात

मिलानो चेंत्राले स्टेशनात २४ फलाट आहेत आणि त्यांत २१ नंबरचाही आहे. ‘बिनारियो २१’ (म्हणजे ‘२१ नंबरचा फलाट’) हे नाझींनी इथून छळछावण्यांत पाठवलेल्या ज्यूंचं स्मारक पाहायला निघालेले पुष्कळजण म्हणूनच जिने चढून सरळ त्या फलाटावर जातात आणि चुकतात. पाहायचं ते खाली आहे. स्टेशनाबाहेर पडून पूर्वेकडची भिंत धरून चालत राहिलं की एडमंड जे. साफ्रा चौक लागतो, तिथे रस्त्याच्या पातळीवरच स्मारकाचं दार आहे.

ही जागा मुळात टपालाची. १९३१ साली उघडलेल्या या स्टेशनाचे रूळ रस्त्यापासून मजलाभर उंचीवर आहेत. टपाल खालीच डब्यांत भरायचं, भरलेला डबा आडव्या सरकत्या गाड्यावरून लिफ्टपाशी न्यायचा आणि लिफ्टने वर चढवायचा. वर डबे एकमेकांना जोडले की गाडी तयार. डिसेंबर १९४३ पासून याच यंत्रणेत माणसं भरली गेली. सान व्हित्तोरे तुरुंगातून ट्रक यायचे ते थेट आत, डब्यांपर्यंत. वरच्या प्रवाशांना भरणं दिसायचं नाही, दिसायचा तो बंद दारांचा डबा. नवीन काही बांधावं लागलं नाही, ही गोष्ट मला तिथे सगळ्यात जास्त टोचली.

६ डिसेंबर १९४३ ला इथून ऑशवित्झला निघालेल्या गाडीत १६९ ज्यू होते, परतले ५. ३० जानेवारी १९४४ च्या गाडीत ६०५, परतले २२. त्या २२ जणांत लिलियाना सेग्रे होत्या, तेव्हा तेरा वर्षांच्या. स्वित्झर्लंडच्या सीमेवरून त्यांना परत पाठवलं होतं. या दोन गाड्यांतली ७७४ नावं आत भिंतीवर आहेत.

त्या काळातले चार लाकडी मालडबे रुळांवर उभे आहेत. आत शिरा आणि वरून गाडी जाईपर्यंत थांबा. फार वाट पाहावी लागत नाही. आधी घरघर येते, मग पायांखाली थरथर.

दाराशी लांबलचक भिंतीवर एकच शब्द आहे, सेग्रेंच्या आग्रहाने लिहिलेला: ‘इंदिफेरेन्त्सा’. शब्दकोशात त्याला ‘उदासीनता’ सापडेल, पण मराठीत खरा जवळचा म्हणजे ‘आपल्याला काय त्याचं’.

बंद वार आणि वेळा बदलतात, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.