बाग गेली, तांबं राहिलं

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी तासगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मातीतलं तांबं मोजत होते आणि यंत्राचा आकडा आमच्या सर्वांत तीव्र प्रमाण द्रावणाच्याही (ज्यातलं तांबं आधीच माहीत असतं) पुढे गेला. अर्क पातळ करून पुन्हा मोजला, तेव्हा कुठे आकडा हाती आला. पहिली शंका पिशवीची. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) किंवा खताच्या रिकाम्या पिशवीतून माती आली की असे आकडे येतात. पण पिशवी कोरी होती.

छापील अहवालात या मातीपुढे तांबं ‘पुरेसं’ असंच आलं असतं. निकष एकच: 0.2 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.2 भाग) खाली कमतरता, वर असेल तर ठीक. वर म्हणजे किती वर, याला तक्त्यात जागाच नाही. तो कागद तसाच हातात द्यायला मन धजेना. त्या शेतकरी काकांना फोन केला आणि त्यांच्या रानात गेले.

त्या तुकड्यात एकामागून एक दोन द्राक्षबागा होऊन गेलेल्या. दुसरी मोडून काकांनी मेथी टाकली होती. ती पिवळी पडून बोटभर वाढून थांबलेली. उपटून पाहिली तर मुळं आखूड, जाडसर, तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. आणि बांधापलीकडच्या ज्वारीच्या रानात, कडेला टाकलेली मेथी हिरवीगार! चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणूनही पानं पिवळी पडतात, पण चुनखडी तर दोन्हीकडे सारखीच होती.

“ताई, पाणी खराब झालंय का?” काकांनी विचारलं.

“विहीर एकच आहे ना काका? द्राक्षावरच्या डाउनी रोगाला काय मारायचा?”

“बोर्डो. ढगाळ हवा झाली की बोर्डो.”

एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदात पाव हिस्सा तांबं. पानांवरून ते मातीत उतरतं आणि तिथेच थांबतं. ते कुजत नाही, उडून जात नाही, पाण्याबरोबर फारसं खालीही झिरपत नाही.

मी तीन ठिकाणची माती घेतली: बागेची, ज्वारीच्या रानाची आणि बांधावरच्या लिंबाखालची. बांधावरचा नमुना घेऊ नये असं आम्हीच शिकवतो. पण मला नांगर आणि फवारा, दोन्ही न लागलेली माती पाहायची होती. बागेत खड्डा खोल नेऊन वरचा आणि खालचा थर वेगळा भरला. पाण्याच्या टाकीजवळ, जिथे वर्षानुवर्षं मिश्रण कालवलं, तिथलीही माती घेतली.

बांधावर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कर्ब, सर्वांत जास्त निघाला. ज्वारीच्या रानात तो बराच घटलेला, कडबासुद्धा रानाबाहेर जातो त्याचा हा परिणाम असावा. तांबं मात्र बांधाइतकंच. बागेत शेणखतामुळे कर्ब बरा होता, पण वरच्या 20 सेंटीमीटरमध्ये तांबं साठलेलं, खालच्या थरात कितीतरी कमी. टाकीजवळची माती सर्वांत वाईट. जमीन एकच, मधे फक्त बांध.

दुकानदाराने काकांना चुनखडीवर उपाय म्हणून गंधक सुचवलं होतं. एरवी मीही तेच सांगितलं असतं. इथे हात जोडून नको म्हटलं. सामू (मातीच्या आम्ल-विम्लतेचा आकडा, pH) 8 च्या वर होता म्हणूनच बरंचसं तांबं जखडून राहिलं होतं. गंधकाने सामू उतरला तर ते मोकळं होऊन मुळांना भिडणार. त्याऐवजी भरपूर शेणखत, पिवळेपणाला फेरस सल्फेटची फवारणी, आणि टाकीजवळची माती खरवडून एका जागी ठेवायची, रानात पसरायची नाही.

“किती झालं म्हणजे जास्त?” काकांचा हा प्रश्न रास्त होता. युरोपियन संघाने 2019 पासून तांबेयुक्त औषधांना मर्यादा घातली आहे: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबं. तो आकडा मी त्यांना सांगितला. मोरचुदाची जुनी बिलं काढून हिशेब करतो, म्हणाले.

अहवालावर मी शेरा हाताने लिहिला. आता प्रत्येक नमुन्यासोबत या रानात याआधी काय होतं ते विचारून घेते, आणि बाग होती असं कळलं की 0 ते 20 आणि 20 ते 40 सेंटीमीटरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत मागते.