हलगीच्या ठोक्यामागे राहिलेला उजेड

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका तालीम मंडळाने गणेशोत्सवासाठी पिक्सेल एलईडीची (प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे पेटवता येणारी) मोठी कमान उभारली होती आणि तिच्यावर सुमारे 22 मिनिटांचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम दाखवायचा होता. आरती, त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचे निवेदन (1902 च्या आरक्षणाच्या हुकमापासून खासबागच्या कुस्ती मैदानापर्यंत), पुढे पन्हाळ्याकडच्या वादकांकडून मुद्दाम ध्वनिमुद्रित करून घेतलेली हलगी आणि शेवटी एक ठेक्याचे गाणे, असा त्याचा क्रम होता. आवाज आणि उजेड यांचा मेळ तपासण्याचे काम माझ्याकडे होते.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी तालीम घेतली तेव्हा आरती आणि निवेदन व्यवस्थित पार पडले, पण हलगी सुरू होताच कमान मागे पडली. हलगी वाजवणारे वयस्कर गृहस्थ शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “ठोका पडून गेल्यावर उजेड येतोय बघा.” मी विचारले, “मामा, सगळीकडं सारखाच मागं आहे का?” त्यांनी संपूर्ण तुकडा पुन्हा ऐकला आणि सांगितले, “न्हाई, कुठं जास्त, कुठं कमी.” त्यांच्या या उत्तरामुळे माझा निम्मा शोध संपला.

आवाज उजेडानंतर पोहोचला तर माणसाचा डोळा आणि कान ते सहज स्वीकारतात, कारण लांबवर कुऱ्हाडीचा घाव पडताना आपण आयुष्यभर तेच पाहत आलेलो असतो; उलट, आवाज आधी आणि उजेड नंतर आला की ते लगेच खटकते. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दिलेल्या शिफारशीत आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे असला तरी तो फरक जाणवू लागतो, मात्र तो मागे असेल तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही, असे नमूद आहे. आमच्याकडे आवाज काही ठिकाणी जवळजवळ पाव सेकंद पुढे होता.

मंडळातील मुलांना कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना हुकूम पाठवणारे यंत्र, मंद असल्याचा संशय होता. ती शंका आकडेमोडीनेच दूर झाली. या पिक्सेलना माहिती 800 किलोहर्ट्झने जाते आणि एका पिक्सेलला 24 बिट, म्हणजे 30 मायक्रोसेकंद लागतात. एका आउटपुटवर 500 पिक्सेल असले तरी 15 मिलिसेकंद पुरतात, आणि आमचा सिक्वेन्स (कोणता दिवा कधी पेटवायचा याची आखणी) 25 मिलिसेकंदांच्या फ्रेमवर बांधलेला होता, म्हणजे उजेडाचे चित्र दर 25 मिलिसेकंदांनी बदलत होते. शिवाय कंट्रोलरचा उशीर असता तर तो सर्वत्र सारखाच दिसला असता.

मूळ कारण ध्वनिफाइलच्या प्रकारात होते. संपूर्ण कार्यक्रम बदलत्या बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला कमी-जास्त माहिती साठवणाऱ्या, एका एमपी3 फाइलमध्ये जोडलेला होता, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये हलगीच्या ठोक्यांच्या खुणा (उजेड नेमका कधी पेटावा त्या वेळा) लावल्या गेल्या ते फाइल पूर्ण न उलगडता अंदाजाने मधूनच वाजवणारे होते. अशा फाइलच्या सुरुवातीला बहुधा कोणती वेळ फाइलमध्ये कुठे आहे हे सांगणारा शंभर नोंदींचा एक तक्ता असतो आणि त्यातील प्रत्येक नोंद फाइलच्या 256 व्या भागाइतकीच सूक्ष्म असते. 22 मिनिटांच्या फाइलमध्ये असा एक भाग सुमारे पाच सेकंदांचा होतो. त्यामुळे मधून सुरू केलेल्या आवाजाची पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यांत फरक पडतो, आणि प्रत्येक वेळी नव्या ठिकाणाहून सुरू केल्यावर तो फरकही निराळा असतो. आरती आणि निवेदनाच्या खुणा सुरुवातीपासून सलग ऐकून लावल्या होत्या, म्हणून त्या अचूक बसल्या. यात भर म्हणजे एमपी3मध्ये रूपांतर करताना सुरुवातीला थोडी शांतता मिसळते. एमपी3 बनवणारा एन्कोडर आणि ती उलगडणारा डिकोडर यांच्या नेहमीच्या जोडीत ती 1,105 सॅम्पल (आवाजाचे सेकंदाला 44,100 वेळा घेतलेले मोजमाप), म्हणजे सुमारे 25 मिलिसेकंद असते. मोबाईलवरून मोबाईलवर फिरून पुन्हा पुन्हा रूपांतरित झालेल्या तुकड्यांत ती साठत जाते.

म्हणून मी सर्व मूळ तुकडे मागवून घेतले, निवेदन सेकंदाला 48,000 आणि गाणी 44,100 सॅम्पलची होती ती सर्व 48,000 वर आणली आणि एकच वेव्ह फाइल (आवाज न आक्रसता साठवणारी) तयार केली. एमपी3ची वेव्ह केल्याने गेलेला दर्जा परत येत नाही, परंतु प्रत्येक क्षणाची जागा पक्की होते, आणि या कामात मला तेवढेच हवे असते. 16 बिट स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे साडेअकरा मेगाबाइट जागा घेते. 22 मिनिटांना अडीचशेच्या आसपास. आजच्या मेमरी कार्डांवर एवढ्या जागेची काटकसर करण्याचे कारणच उरलेले नाही. एमपी3 वापरणे भागच असेल, तर ती स्थिर बिटरेटची असावी. हलगीच्या खुणा नव्या फाइलवर मामांना शेजारी बसवून पुन्हा लावल्या आणि कमान ठोक्यावर आली.

आवाजाच्या पातळीचे काम मात्र त्याहून नाजूक होते. सर्व तुकड्यांची शिखरे आधीच एका उंचीला आणलेली होती आणि त्यामुळे सारे समान झाले असा समज होता. प्रत्यक्षात हलगीचा घाव क्षणभर वर जाऊन लगेच खाली येतो, तर बाजारातले गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबून भरलेले असते. कानाच्या संवेदनेला धरून मोजणाऱ्या एलयूएफएस मापावर (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) गाणे उणे 8, हलगी उणे 20 आणि निवेदन उणे 24 निघाले. आवाजाच्या चढउतारावर चालणाऱ्या प्रकाशपट्ट्यांनाही त्याचा फटका बसत होता: निवेदनात त्या जेमतेम पेटत आणि गाण्यात वरच्या टोकाला चिकटून राहत.

मुलांचे म्हणणे होते की हलगी गाण्याएवढी वर न्यावी. मी ते मान्य केले नाही. तसे करायचे तर लिमिटरने, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणाऱ्या साधनाने, घावाची टोके छाटावी लागतात, आणि टोक छाटलेली हलगी ही हलगी राहत नाही. मी हलगी एक डेसिबलने उतरवून उणे 21 हे लक्ष्य ठरवले, गाणे तेरा डेसिबलने खाली आणले आणि निवेदन चढवून गर्दीच्या कलकलाटात ऐकू यावे म्हणून उणे 20 वर ठेवले. “दादा, गाणं बसलं की!” अशी तक्रार आली. ॲम्प्लिफायर वाढवून तोच कार्यक्रम पुन्हा ऐकवला, तेव्हा निवेदनातले शब्द गल्लीच्या तोंडापर्यंत स्पष्ट पोहोचले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सर्व तुकडे एका पातळीवर असले की मीटर पाहून एकदाच आवाज ठरवता येतो आणि गाणे लागताच कोणाला मिक्सरकडे धावावे लागत नाही.

शेवटी अध्यक्षांनी सुचवले की मागे उभ्या असलेल्या लोकांसाठी उजेड थोडा उशिरा करावा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून 34 मीटरवर तो दहावा भाग सेकंद उशिरा पोहोचतो आणि ते खपण्यासारखे असते. मागच्यांसाठी उजेड लांबवला असता तर कमानीजवळ बसलेल्या लहान मुलांना तो पुन्हा ठोक्यामागे दिसला असता. अध्यक्षांना मी हे दोन्ही टोकांना उभे करून दाखवले आणि सिक्वेन्स आहे तसाच कायम ठेवला.