छाटणीआधी यायला हवं होतं

तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. बाग आण्णा बघतात. मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. शिफ्ट सुटली की घरी येऊन टेबलावर सोल्डरिंगची कामं करत बसायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. परदेशातून स्वस्तात सुटे भाग मागवायला लागलो तोही या बागेपायीच.

द्राक्षवाल्याला ऑक्टोबर छाटणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. छाटणी झाली की डोळे फुटतात, पोंगा अवस्था येते, म्हणजे कोंब उमलायला लागतो, मग फुलोरा. या दीड-दोन महिन्यांत पानं रात्रभर ओली राहिली आणि हवेत दमटपणा टिकला की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलाच. आण्णा पहाटे उठून पानाच्या मागच्या बाजूवर हात फिरवायचे आणि फवारणीचा ब्लोअर काढायचा की नाही ते ठरवायचे. रात्री किती वाजल्यापासून दमट होतं, ते मात्र कुणाच्या हाताला कळत नाही. ते नोंदवून ठेवणारं एक छोटं यंत्र वेलीत टांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यासाठी बीएमई२८० हा सेन्सर हवा होता. बॉशचा हा सेन्सर तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता असं तिन्ही मोजतो. २०१९ मध्ये इथल्या विक्रेत्यांकडे एकाला पाचशेच्या आसपास पडत होता, चीनमधल्या एका दुकानात पावणेदोनशेला दिसत होता. मला सहा हवे होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर टाकली. सोबत मातीतला ओलावा मोजायचे चार सेन्सर, थोड्या वायरी आणि कनेक्टर. वाहतुकीचा सगळ्यात स्वस्त पर्याय निवडला.

तिथे पहिली चूक झाली. आंतरराष्ट्रीय टपालाच्या पार्सलचा नंबर तेरा खुणांचा असतो: पुढे दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, चीन असेल तर सीएन. पहिलं अक्षर आर असलं की ते रजिस्टर्ड, म्हणजे इथे पोहोचल्यावरही त्याचा माग लागतो. माझा नंबर यू अक्षराने सुरू होत होता. तो साधा. चीनमधून निघाल्याची नोंद दिसली आणि पुढे काहीच नाही. मी रोज जेवण झाल्यावर तो नंबर टाकून बघायचो. वीस-तीस रुपये वाचवायला दोन महिने डोळे लावून बसलो. आता मी रजिस्टर्डशिवाय काही मागवत नाही.

ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आमच्या गावात पाणी आलं नाही, पण सांगलीचा रस्ता तुटला. ओळखीपाळखीची घरं पाण्यात होती, आम्ही भाकऱ्या करून पाठवत होतो. पार्सलचा विचार डोक्यातून गेला तो गेलाच. पाणी उतरल्यावर टपाल हळूहळू सुरू झालं आणि सप्टेंबरच्या मध्यावर पोस्टमन काकांनी एक करडी पिशवी आणून दिली. "चीनवरनं आलंय बघा. सत्तर दिस तरी झालं असतील." माझ्या मोजणीनेही तेवढेच झाले होते.

पिशवीवर हिरव्या रंगाचं सीएन२२ चिकटवलेलं होतं, कस्टमसाठीचं जाहीरपत्र. विक्रेत्याने त्यावर 'भेटवस्तू' या खान्यात खूण केली होती आणि किंमत निम्म्याहून कमी लिहिली होती. मला कसलाही कर भरावा लागला नाही. त्या दिवशी मला ते बरं वाटलं, आज वाटत नाही. विकलेला माल भेट म्हणून दाखवणं खोटंच आहे. तेव्हा ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती आणि सगळे त्याच वाटेने माल आणत होते. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती वाट बंद केली, राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. त्यानंतर मी प्रत्येक विक्रेत्याला ऑर्डरबरोबरच लिहून कळवतो: खरी किंमत लिहा, भेट लिहू नका.

पिशवी उघडली. छोट्या जांभळ्या पट्ट्या, पिना वेगळ्या, आपणच जोडायच्या. एक जोडून प्रोग्राम चालवला. तापमान आलं, दाब आला, आर्द्रतेच्या जागी शून्य. दुसरा जोडला, तेच. सहाही तसेच.

रात्री बारा वाजता सेन्सरचं डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, काढून बसलो. या सेन्सरमध्ये डी० नावाचं एक रजिस्टर, म्हणजे चिपमधला एक खण असतो, त्यात चिपची ओळख लिहिलेली असते. बीएमई२८० असेल तर हेक्समध्ये ६० येतं, बीएमपी२८० असेल तर ५८. माझ्याकडे सहाही वेळा ५८ आलं. बीएमपी हा त्याचाच धाकटा भाऊ, तापमान आणि दाब मोजतो. आर्द्रता त्याला मोजताच येत नाही. मला हवी होती ती नेमकी आर्द्रताच.

मग भिंगातून बघितलं. खऱ्या बीएमईचं पत्र्याचं झाकण चौकोनी असतं, अडीच मिलिमीटर बाय अडीच. बीएमपी एका बाजूने दोनच मिलिमीटर, म्हणून लांबट दिसतो. शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढले. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं ५८ आणि जोडलेली पट्टी एकाच चौकटीत येईल असा व्हिडिओ काढला. तक्रार करायची मुदत पार्सल मिळाल्यापासून पंधरा दिवसांची होती. विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं, 'मित्रा, निम्मे पैसे घे.' दुसरं आलं, 'माल परत पाठव.' परत पाठवायचा खर्च मालापेक्षा जास्त, हे त्यालाही ठाऊक होतं. मी दोन्ही नाकारलं आणि दर वेळी तोच व्हिडिओ, तेच फोटो, तीच दोन वाक्यं पाठवत राहिलो. वाद घालत बसलो नाही. अठराव्या दिवशी सेन्सरचे पूर्ण पैसे परत आले.

पण पैसे परत आले म्हणून छाटणी थांबते होय? आण्णांनी विचारलं, "आलं का रं तुझं यंत्र?" मी म्हणालो, "आलंय आण्णा, पण चुकीचं आलंय. तुम्ही छाटणी उरका, मी पुण्याला जाऊन येतो." रविवारी पहाटेची एसटी धरली, स्वारगेटला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो आणि आर्द्रता मोजणारे डीएचटी२२ जातीचे दोन सेन्सर घेतले. एसटीचं भाडं धरलं तर ते चीनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी महाग पडले. पण दुकानदाराने समोर जोडून, फुंकर मारून आर्द्रता चढलेली दाखवली आणि मगच पैसे घेतले.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लागला तो नोव्हेंबरातही हटेना. द्राक्षपट्ट्यातल्या सगळ्यांनाच ते आठवत असेल. वेलीतल्या सेन्सरवर रात्रभर आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर. सकाळी मी फोनवर आण्णांना सांगायचो, काल आठपासून दमट आहे, आज सकाळी सव्वानऊला उतरलं. त्यांनी त्या नोंदी वहीत उतरवल्या आणि फवारणीची वेळ त्यावरून हलवायला सुरुवात केली. बाग वाचली असं मी म्हणणार नाही. निम्मे घड कुजले. सहा ठिकाणी टांगायचं ते दोनच ठिकाणी टांगता आलं, आणि खालच्या अंगाच्या ओळीत, जिथे पाणी साचतं आणि डाऊनी आधी शिरतो, तिथे सेन्सर नव्हता. ते मला अजून लागतं.

ओलाव्याच्या चार सेन्सरचंही सांगतो, कारण तेच आजही बाजारात आहेत. काळी पट्टी, खाली टोकदार, वर छोटं सर्किट. त्यातल्या काहींवर टीएलसी५५५ या चिपऐवजी एनई५५५ बसवलेला असतो. तो साडेचार व्होल्टच्या खाली काम करायला बनवलेलाच नाही आणि सेन्सर जिला जोडतो ती आपली सर्किटची पाटी देते ३.३ व्होल्ट. चिपवरचं नाव भिंगाखाली वाचलं की कळतं. माझ्या चारांत दोन तसले निघाले.

दुसऱ्यांदा मागवलं ते २०२१ मध्ये. मधल्या काळात सगळंच बदललं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यात अलीएक्सप्रेस हे चिनी ऑनलाइन दुकानही होतं. या वेळी शेन्झेनच्या एका विक्रेत्याकडून कुरिअरने मागवलं. माल सहा दिवसांत मुंबईत आला आणि तिथे अडकला, कारण केवायसी राहिली होती. फोनवर आलेल्या लिंकवर आधार चढवायचं होतं. लिंक खरी की खोटी, या भीतीने मी दोन दिवस घालवले. शेवटी कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर जाऊन पार्सल नंबर टाकला आणि तिथून कागद चढवले. तुम्हीही तसंच करा, मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका.

कराचा हिशेब नीट समजून घ्या, नाहीतर पोटात गोळा येतो. कर फक्त मालावर लागत नाही. मालाची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून त्यावर सीमाशुल्क लागतं, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि हे सगळं मिळून होणाऱ्या रकमेवर आयजीएसटी. वर कुरिअर आपल्या वतीने कर भरतो त्याची फी. माझा माल ४,२०० रुपयांचा होता, हातात पडेपर्यंत जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून आता आम्ही चौघं एकत्र मागवतो: मी, कंपनीतले दोघे आणि सांगलीच्या विश्रामबागेतला इंजिनिअरिंगचा एक पोरगा. वाहतूक एकदाच पडते. वर्षात एकदा, मे महिन्यात यादी काढायची, जूनमध्ये ऑर्डर. छाटणीपासून उलटं मोजत आलं की हीच तारीख निघते.

बागेतून घरापर्यंत आकडे पाठवायला लागणारे रेडिओचे लोरा मॉड्यूल मात्र आम्ही त्या यादीत घालत नाही. परदेशी दुकानात ४३३, ८६८, ९१५ मेगाहर्ट्झ असे पर्याय असतात आणि पोरं डोळे झाकून ९१५ निवडतात. आपल्याकडे या कामाला खुला असलेला पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे, ९१५ चालवायला परवानगी नाही. शिवाय रेडिओचं मॉड्यूल परदेशातून आणायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची मान्यता लागते. ते भारतातल्याच विक्रेत्याकडून घ्यावं, चार पैसे जास्त जातात ते जाऊ देत.

आलेला प्रत्येक सेन्सर आता बागेत जायच्या आधी आईच्या स्वयंपाकघरातून जातो. घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा, बाटलीच्या बुचात साधं मीठ घालून थेंब-थेंब पाणी टाकायचं. विरघळता कामा नये, भिजलेल्या वाळूसारखं राहिलं पाहिजे. ते बूच आणि सेन्सर डब्यात एकत्र बंद करून रात्रभर ठेवायचं. मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होते. सकाळी सेन्सर ७२ ते ७८ दाखवत असेल तर तो बागेला, ८५ दाखवत असेल तर बाजूला. आईने त्या डब्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली आहे, कारण एकदा त्यात तिने शेंगदाणे भरले होते.

या वर्षीच्या पार्सलात आठ आले. आठही पाळीपाळीने जोडले, ओळख वाचली. सात वेळा ६०, एकदा ५८. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्याने त्या एकाचे पैसे त्याच दिवशी परत केले. तो ५८ वाला मी टाकला नाही. तापमान तो बरोबर मोजतो, म्हणून बेदाण्याच्या शेडमध्ये टांगलाय. खालच्या अंगाच्या ओळीत या वेळी दोन लावलेत.