घोडं अडलं ते पत्त्यावर

आज दिवसभर पूरबचावाच्या संयुक्त सरावात होतो. लष्कराची तुकडी, अग्निशमन दल आणि आम्ही रुग्णवाहिकावाले. बोटी, दोर, स्ट्रेचर सगळं वेळेवर आलं. आम्ही वायरलेसवर सांगतोय, "पाण्याच्या टाकीमागची दुसरी गल्ली," आणि मेजरसाहेब शांतपणे विचारतायत, "ग्रिड सांगा." सहा आकडी ग्रिड म्हणजे नकाशावरचा १०० मीटरचा चौकोन, हे मला आज कळलं. (इतकी वर्षं नोकरी करून!) त्यात त्यांचे सेट आमच्या फ्रिक्वेन्सीवर बोलेनात. शेवटी त्यांचा एक जवान सेट घेऊन आमच्या गाडीत येऊन बसला, आमचा एक पोरगा त्यांच्या ट्रकमध्ये. मग कामं भराभर उरकली.

लोकांना वाटतं, लष्कर आलं की सगळं त्यांच्या हातात. तसं नसतं, सूत्रं नागरी प्रशासनाकडेच राहतात. परदेशी लष्कराच्या मदतीबद्दलची १९९४ ची ओस्लो मार्गदर्शक तत्त्वंही लष्करी साधनांना शेवटचा पर्याय मानतात. पटतं मला. पण म्हणून ओळखही शेवटच्या क्षणीच करून घ्यायची का?

निघताना त्या जवानाने आमच्या पोराला दोराची गाठ शिकवली. मघाशी त्या पोराकडून गाठीचा फोटो आला, चार्जरच्या वायरीवर मारलेली. आता सुटत नाहीये म्हणे.