कॅनडात उतरल्यावर काउंटरवर काय होतं
आज चिपळूणच्या एका कुटुंबाची कॅनडाची फाइल तपासली. पीआर (तिथे कायम राहण्याची परवानगी) घेऊन जाणाऱ्या सगळ्यांनाच उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

इमिग्रेशन पहिल्या कॅनेडियन विमानतळावरच होतं. टोरांटोहून पुढे कॅलगरीला जायचं असलं तरी टोरांटोलाच. मधे दीड तासच ठेवलात तर पुढचं विमान गेलंच समजा. पीआर मंजुरीचं पत्र, पासपोर्ट, पैशांचे पुरावे हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग इमिग्रेशननंतरच मिळते, मग पत्र काय हवेतून काढणार? पत्रावरची मुदत सहसा वाढवून मिळत नाही.

अधिकारी नाव, जन्मतारीख, गुन्हा वगैरे विचारतो. नवा पत्ता द्यावा लागतो, पीआर कार्ड टपालाने तिथेच येतं. १८० दिवसांत पत्ता दिला नाही तर कार्डासाठी फी पडते.

खरा घोळ कस्टम्सला. सामानाच्या दोन याद्या लागतात: सोबत आणलेलं आणि मागाहून येणारं, किमतींसकट, दोन-दोन प्रती. मागाहून येणारं यादीत नसेल तर नंतर त्यावर ड्युटी लागू शकते. दागिन्यांचे फोटो आणि व्हॅल्युएशन सोबत ठेवा. नुसतं 'मंगळसूत्र १' लिहून भागत नाही. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रक्कम सोबत असेल तर सांगायचीच. त्यावर कर नाही, पण लपवली तर जप्ती.

आणि हो, आईने बांधून दिलेले सुके बोंबील, कोकमं, लोणचं, सगळं खाणं जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील. लपवलेलं सापडलं तर दंड.