उजव्या कोपऱ्यातली टिंग

घरच्या कॉम्प्युटरवर वीजबिल भरायला बसावं, ग्राहक क्रमांकाचे १२ आकडे बोट ठेवून टाकत असावं, आणि नेमकं नवव्या आकड्याला खाली उजव्या कोपऱ्यात टिंग वाजावं. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले!' सोबत लाल त्रिकोण. तो चौकोन घालवावा तर त्याच्या जागी दुसरा हजर: 'तुमच्या अँटीव्हायरसची मुदत आज संपली.' गंमत म्हणजे ज्याची मुदत संपली ते अँटीव्हायरस या घरात कधी आलेलंच नसतं.

मग घरात ठरलेली चर्चा सुरू होते. पोरांनी गेम टाकला असेल, पेनड्राइव्ह कुणाचा लावला होता, आणि शेवटी 'फॉरमॅट मारून टाका'. फॉरमॅट हे कॉम्प्युटरचं एरंडेल. दुखणं कुठलंही असो, एक डोस द्यायचा. या दुखण्यात त्याची गरज बहुधा नसते, कारण कोपऱ्यातल्या या टिंगमागे अनेकदा व्हायरस नसतोच. तिथे असते फक्त एक परवानगी, आणि ती आपणच दिलेली असते.

घडतं ते असं. निकालाच्या दिवशी खरं संकेतस्थळ उघडत नाही म्हणून कुठल्यातरी भलत्याच पानावर जाणं होतं, किंवा क्रिकेटची मॅच फुकट दाखवणारं पान सापडतं. तिथे एक गोल फिरत असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा'. वर डावीकडे ब्राउझरची छोटी पेटी विचारते, 'या साइटला नोटिफिकेशन पाठवू द्यायची का?' दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, पण घाईत वाचतो कोण? खरी रोबो-परीक्षा ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावेल, वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावेल. नोटिफिकेशनची परवानगी ती कधीच मागत नाही. एकदा अलाऊ दाबलं की सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आपणच सही करून पाहुण्याला आत घेतल्यासारखं होतं. नंतर वॉचमनवर ओरडून उपयोग नाही.

म्हणूनच नेहमीचे उपाय इथे फसतात. टॅब बंद करून काही होत नाही, कारण निरोप त्या पानातून येतच नाही. तो ब्राउझरच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत थेट ब्राउझरकडे येतो. क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहू शकतो, त्यामुळे खिडकी मिटली तरी टिंग येऊ शकते. हिस्टरी पुसून परवानगी जात नाही. अँटीव्हायरसलाही बहुधा काही सापडत नाही, कारण सापडावी अशी फाइलच नसते.

औषध दोन मिनिटांचं आहे. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे खाली 'अलाउड' अशी यादी आहे, आपल्या सगळ्या सह्यांची. त्यात दोन-चार ओळखीची नावं असतील, बाकीची कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी. नाव ओळखायचं असेल तर टिंगच्या चौकोनात बारीक अक्षरांत साइटचा पत्ता लिहिलेला असतो, तो पाहावा. अनोळखी नावापुढच्या तीन ठिपक्यांत 'रिमूव्ह' आणि 'ब्लॉक' असे दोन पर्याय मिळतात. रिमूव्ह केलं तर तीच साइट पुन्हा विचारू शकते. ब्लॉक केलं तर तिचं तोंड बंद.

पण ही मंडळी पोचलेली असतात. परवानगी प्रत्येक पत्त्याला वेगवेगळी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एका दारात 'नाही' ऐकलं की त्याच नावापुढे आकडा लावलेल्या दुसऱ्या पत्त्यावर ते आपल्याला ढकलतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात, पाचव्यांदा आपण कंटाळून 'हो' म्हणेपर्यंत. त्यामुळे त्याच पानावर वरच्या बाजूला असलेला 'कुणालाच नोटिफिकेशन मागू देऊ नका' हा पर्याय निवडून मोकळं व्हावं. घरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या नोटिफिकेशनवाचून कुणाचं काही अडत नाही. एज आणि फायरफॉक्समध्येही नोटिफिकेशन्सची अशीच यादी आहे. तीन ब्राउझर वापरत असाल तर तिन्ही याद्या झाडाव्या लागतील.

आगंतुक खिडक्यांचं हे खूळ जुनं आहे. १९९०च्या दशकात ट्रायपॉड या संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी अश्लील पानावर झळकली आणि कंपनी खवळली. जाहिरात पानापासून तोडून वेगळ्या खिडकीत टाकायची, हा तोडगा तिथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी लिहून दिला. २०१४मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात ब्राउझर उघडलेला नसतानाही राखाडी चौकोन टपकू लागले. वर 'मेसेंजर सर्व्हिस' असं शीर्षक, खाली 'ओके' हे एकच बटण. ऑफिसच्या नेटवर्कवर 'सर्व्हर बंद होतोय, काम सेव्ह करा' असं सांगायला केलेली ती सोय, पण इंटरनेटच्या बाजूला तिचं दार सताड उघडं होतं. त्या चौकोनांतून कहर म्हणजे हेच चौकोन थांबवणारं सॉफ्टवेअर विकलं जाई. २००३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका विक्रेत्याला कोर्टात खेचलं. ऑगस्ट २००४च्या 'सर्व्हिस पॅक २' या एक्सपीच्या मोठ्या अपडेटने ती सेवा मुळातच बंद ठेवली आणि ब्राउझरला पॉप-अप अडवायला शिकवलं. दार बंद झालं, खिडकीला जाळी लागली. उरला तो परवानगी मागून आत येण्याचा मार्ग.

कोपऱ्यातली टिंग निदान लाजत-मुरडत येते. पूर्ण स्क्रीन व्यापून, भोंगा वाजवत, बाईच्या आवाजात 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं सांगत आणि खाली फोन नंबर देत जे येतं, ते प्रकरण वेगळं. तेही निव्वळ एक वेबपान असतं, पण माणूस घाबरावा म्हणून माऊसचा बाण लपवतं. अशा वेळी एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं. नुसतं टिचकीसारखं दाबून भागत नाही. तरीही हटलं नाही तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबावं. ही हाक थेट विंडोजला जाते, कुठल्याही वेबपानाला ती मध्येच झेलता येत नाही. तिथून टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर निवडायचा आणि 'एंड टास्क' म्हणायचं. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो भाबडेपणाने विचारतो, 'मघाची पानं परत आणू का?' इथे हो म्हणालात तर बाई परत बोलायला लागते.

तो नंबर मात्र फिरवू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो, एवढी एक खूण पुरे. पलीकडचा 'इंजिनिअर' आधी दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि मग बँकेचं पान उघडायला लावतो. चुकून कुणी तिथवर गेलंच, तर आधी इंटरनेट तोडावं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावं. पैसे गेल्यावर इथे मिनिटं मोजली जातात.

याद्या झाडूनही खिडक्या येतच राहिल्या, तर घरात खरंच काहीतरी शिरलंय. आधी ब्राउझरची एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर्स, पाहावीत; फुकट कूपन, हवामान, पीडीएफ बदलून देणारी, अशी निरुपद्रवी नावं तिथे दडलेली असतात. मग इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावावी आणि त्रास सुरू झाला त्या दिवशी काय आलं ते काढून टाकावं. फुकट सॉफ्टवेअर टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेल्याचं हे फळ. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतलं ऑफलाइन स्कॅन चालवावं. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेतो, म्हणून उघडी फाइल आधी सेव्ह करावी. शेवटी क्रोमचं रीसेट. त्यात बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, पण एक्स्टेंशन्स बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात.

एवढं झाल्यावर कोपऱ्यात जी टिंग उरते ती बहुधा विंडोजची स्वतःची. त्यातल्या 'टिप्स आणि सजेशन्स' सिस्टिमच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये तळाशी जाऊन बंद करता येतात. अपडेटसाठी रीस्टार्ट करा म्हणणारी तेवढी ऐकावी. मात्र चौकोनावर क्लिक न करता, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये स्वतः जाऊन, तिथेही तेच लिहिलंय का ते पाहून.