१६ दिवस उपाशी: कॉपरबँड मासा घरात रुळवण्याचा माझा अनुभव

“सगळं खातो, काही काळजी करू नका,” हे दुकानदाराचे वाक्य आठवले की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईतील एका दुकानातून कॉपरबँड बटरफ्लाय जातीचा, खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचा शोभेचा मासा घेऊन मी ठाण्याच्या घरी आलो आणि त्यानंतर १६ दिवस त्या माशाने एकही घास गिळला नाही. चूक दुकानदाराची होती तेवढीच माझीही होती, कारण ‘खातो’ म्हणजे नेमके काय खातो आणि आत्ता माझ्यासमोर खाऊन दाखवतो का, हे दोन साधे प्रश्न मी विचारले नाहीत. मासा पिशवीत भरून हातात आल्यावर माणसाची विवेकबुद्धी दुकानातच राहते, हे मला पूर्वीही एकदा कळले होते.

ती पूर्वीची गोष्ट आधी सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी मेलन बटरफ्लाय हा त्याच्याच कुळातला मासा घेतला होता. हा मासा जवळजवळ केवळ प्रवाळांचे जीव टिपून जगतो. समोर टाकलेल्या प्रत्येक खाद्याकडे त्याने पाठ फिरवली आणि चौथ्या आठवड्यात तो गेला. आपल्याकडे प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे माशाच्या तोंडी घालण्यासाठी घरात प्रवाळ आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परदेशांतील काही हौशी लोक घरच्या टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे अशा माशांना देतात. तो मार्ग आपल्याला बंद आहे आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळे एकदा पाण्यात उतरून पाहिल्यामुळे मला ही बंदी जाचक वाटत नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष मी त्या वेळी काढायला हवा होता, तो असा की निव्वळ प्रवाळावर जगणारा मासा आपल्या घरी आणूच नये, मग दुकानदार काहीही सांगो.

कॉपरबँडचे तसे नाही. त्याचे शास्त्रीय नाव चेल्मॉन रोस्ट्रेटस, आणि रोस्ट्रेटस म्हणजे चोचवाला. पांढऱ्या अंगावर तांबूस केशरी उभे पट्टे, पाठीच्या पराच्या मागच्या टोकाशी डोळ्यासारखा दिसणारा काळा ठिपका आणि पुढे चिमट्यासारखे निमुळते तोंड असे त्याचे रूप आहे. प्रवाळखडकांच्या फटींत ही चोच घालून तो नळीतले किडे आणि बारीक कवचधारी जीव ओढून काढतो, अधूनमधून प्रवाळाचे जीवही टिपतो. म्हणजे पर्यायी खाद्यावर तो जगू शकतो, फक्त ते खाद्य आहे हे त्याला पटवून द्यावे लागते. माझे १६ दिवस या पटवण्यातच गेले.

आणण्याचा आणि पाण्यात सोडण्याचा भाग विनातक्रार पार पडला. दुकानात पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणा, किती ठेवला आहे हे मी रिफ्रॅक्टोमीटर या खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर मोजून घेतले होते आणि ते १.०१९ भरले. परजीवी कमी व्हावेत म्हणून बरीच दुकाने पाणी असे कमी खारे ठेवतात. माझ्या मुख्य टाकीत १.०२५ असते. कमी खाऱ्या पाण्यातून जास्त खाऱ्या पाण्यात एकदम टाकणे माशाला फार जड जाते, म्हणून ८० लिटरच्या वेगळ्या टाकीत मी आधीच १.०१९ चे पाणी तयार ठेवले आणि नंतर रोज थोडे थोडे करून आठवडाभरात ते १.०२५ वर आणले. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून तापमान जुळवले, मासा अलगद उचलून आत सोडला आणि पिशवीतले पाणी फेकून दिले. लांबच्या प्रवासाहून आलेल्या पिशवीच्या बाबतीत थेंबथेंब पाणी मिसळत तासन्‌तास बसू नये, कारण बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी झालेले असते व त्यामुळे माशाच्याच उत्सर्गातून साठलेल्या अमोनियाचा विषारीपणा दबलेला असतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाच्या कल्ल्यांवर उठतो. कुर्ला ते ठाणे एवढ्याच अंतराला हे लागू होत नाही, पण विमानाने मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पहिले तीन दिवस दिवा बंद ठेवला, टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला आणि लपायला प्लास्टिकच्या नळाचे दोन तुकडे टाकले. चौथ्या दिवशी गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वितळवून दिले. मासा जवळ आला, एक मायसिस चोचीत घेतले आणि थुंकले. मला एवढा आनंद झाला की मी लगेच दुप्पट मायसिस टाकले. तेही त्याने पाहिले आणि नळामागे निघून गेला. पाचव्या दिवशी तयार दाणेदार खाद्य दिले, सहाव्या दिवशी ते लसणाच्या रसात भिजवून दिले, सातव्या दिवशी घरी अंडी उबवून काढलेली आर्टेमिया या बारीक कवचधारी जीवाची पिल्ले सोडली. ही पिल्ले २४ ते ३६ तासांत तयार होतात, पाण्यात थरथरत फिरतात, आणि बहुतेक नखरेबाज मासे त्यांना भुलतात असे मी वाचले होते. माझ्या माशाने त्यांच्याकडे रस्त्यावरच्या वरातीकडे पाहावे तसे पाहिले.

नवव्या दिवशी सकाळी मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होता. पाणी तपासले तर अमोनिया वाढलेला दाखवत होता. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजले होते आणि ते मीच टाकले होते. मासा खात नाही म्हणून मी जास्त टाकत होतो, जास्त टाकल्याने पाणी बिघडत होते, आणि बिघडलेल्या पाण्यात धडधाकट मासाही खात नाही. तातडीने एक तृतीयांश पाणी बदलले, संध्याकाळी पुन्हा बदलले आणि त्या दिवशी काहीही टाकले नाही. त्यानंतर मी एक नियम केला की खाद्य दिल्यावर २० मिनिटांनी उरलेले सगळे नळीने ओढून काढायचे, मग तोंडाशी आलेले असले तरी काढायचे. हा नियम पहिल्या दिवसापासून असता तर चार दिवस वाचले असते.

दुसरी अडचण मी स्वतः होतो. कामावरून आलो की खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसायचो. मासाही नळाच्या तोंडातून माझ्याकडे पाहत बसायचा. पत्नीने एकदा विचारले, “अहो, तुमच्यासमोर असं कुणी टक लावून बसलं तर तुम्ही जेवाल का?” मी उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी जुना मोबाइल टाकीसमोर उभा करून ठेवला आणि दुसऱ्या खोलीतून पाहू लागलो. तेव्हा कळले की आपण गेल्यावर मासा चांगला फिरतो आणि सिरॅमिकच्या ठोकळ्यांच्या फटींत चोच घालत राहतो. फटींत काहीच नव्हते. तो उपाशी होता आणि शोधत होता, फक्त मी खाद्य जिथे देत होतो तिथे शोधत नव्हता.

यानंतर मी चेंदणी कोळीवाड्याकडच्या बाजारातून पाव किलो जिवंत तिसऱ्या (खाण्याच्या छोट्या शिंपल्या) आणल्या. परदेशी लोक अशा माशांना अर्धी उघडलेली शिंपली देतात हे मला ठाऊक होते, तरी इतके दिवस मी ते केले नव्हते, कारण तयार डब्यांवर एवढे पैसे घालवल्यावर बाजारातली तिसरी उपयोगी पडेल हे मन मानत नव्हते. पहिल्या दिवशी मी त्या स्वच्छतेच्या नादात उकडून दिल्या. उकडलेली तिसरी रबरासारखी होते आणि तिचा वासही जातो. माशाने ढुंकून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी कच्ची तिसरी सुरीने उघडून तळाशी ठेवली. मासा तिच्या वरून दोनदा गेला. तळाशी पडलेले उचलून खाणारा हा मासाच नव्हे, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. १६ व्या दिवशी मी अर्धी शिंपली दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीत, तळापासून वीतभर उंचीवर, मांस बाहेरच्या बाजूला येईल अशी खोचली आणि खोलीबाहेर गेलो. मोबाइलवर पाहत होतो. ११ मिनिटे काही झाले नाही. मग त्याने मान वाकडी केल्यासारखे अंग तिरके केले, एक टोचा मारला, मागे सरला, पुन्हा टोचा मारला आणि या वेळी थुंकले नाही. अर्ध्या तासात शिंपली कोरून स्वच्छ झाली. मी पुढच्या खोलीत इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजाऱ्यांनी क्रिकेटचा सामना आहे का, असे विचारले.

तिसऱ्या जेथून आल्या त्या खाडीच्या पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून आता मी त्या आणल्या की मिठाच्या पाण्यात चार तास ठेवतो, उघडतो आणि आठवडाभर गोठवून मगच देतो. त्यामुळे बरेचसे परजीवी मरतात. पहिल्या वेळी मात्र ताजीच दिली होती आणि तशी ती द्यावी लागली.

पुढचे काम सोपे गेले. रिकाम्या शिंपल्यात मायसिस दाबून भरायचे, चार दिवसांनी शिंपल्याबाहेर थोडे सांडायचे, मग हळूहळू पाण्यात सोडायचे. तिसरी, ओला जवळा आणि मायसिस वाटून, चायना ग्रासच्या गार होत आलेल्या द्रावणात मिसळून मी त्याचा लगदा करतो आणि खडबडीत ठोकळ्याच्या खळग्यांत थापून गोठवतो. मासा त्यातून टिपत राहतो, त्यामुळे त्याच्या नैसर्गिक सवयीशी ते जुळते. जवळा ओलाच हवा, सुकवलेला चालत नाही. दिवसातून एकदा भरपूर देण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे द्यावे लागते, कारण समुद्रात हा मासा दिवसभर चरत असतो. कामावर जाणाऱ्या माणसाला दुपारची वेळ साधणे कठीण जाते. माझ्या आईने ती जबाबदारी घेतली आणि आता तो मासा मला सोडून तिच्याच हाताला येतो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. माशाचे पोट भरले आहे का हे पोटावर न पाहता डोक्यामागे पाठीच्या वरच्या भागात पाहावे. तिथले मांस खचून कड दिसू लागली तर मासा उपासाने खंगत आहे, असे समजावे. असा मासा दुकानात कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. दुसरे म्हणजे खाऊ लागेपर्यंत कोणतेही औषध देऊ नये, विशेषतः तांब्याचे. त्याने भूक आणखी मरते. माझ्या माशाच्या अंगावर कल्ल्यांजवळ चपट्या कृमींचा संशय होता, परंतु मी प्राझिक्वांटेल हे कृमींवरचे औषध तो खायला लागल्यावर आठवडा गेल्यानंतरच दिले. पाचव्या आठवड्याअखेर त्याला ४०० लिटरच्या मुख्य टाकीत सोडले आणि पहिले तीन दिवस जाळीच्या डब्यात ठेवले, कारण तिथले दोन क्लाउनफिश घराचे मालक असल्यासारखे वागतात.

सध्या माझी चिंता पावसाळ्याची आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि ओला जवळा मिळेनासा होतो, म्हणून मे महिन्यातच मी त्याची छोटी पाकिटे करून फ्रीजरमध्ये ठेवली आहेत. कोळीणबाई विचारतात, “दादा, एवढा जवळा कुणाला?” मी माशाला असे सांगितले तर त्यांना ते पटत नाही. घरी मात्र भांडण पाकिटांवरून झाले, कारण एक पाकीट नकळत कांद्यात परतले गेले. आता माशाच्या पाकिटांवर मी लाल खूण केली आहे आणि ती फ्रीजरच्या डाव्या कोपऱ्यात असतात.